बीदरची वाट, मांजरेचं पाणी आणि आपली बुडी

जत्रा झाल्या, बाजार झाले, शाळा झाल्या, येळवस तर दरवर्षी होतेच. पण एका गोष्टीवर आपण कुणी लिहिलेलं दिसत नाही. वाटेत लागलेल्या नदीत उतरून अंग गार करणं. पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा आणि शेवटी विचारलंय त्याचं उत्तर तेवढं द्या.

आधी जागा सांगतो, कारण आपली बरीच मंडळी आता पुण्या-हैदराबादला आहेत आणि पोरांना नकाशा माहीत नाही. बीदरहून उत्तरेला औरादच्या रस्त्याला लागलं की जनवाडा येतं. जनवाड्याच्या पुढं मांजरा आडवी येते आणि पलीकडं कौठा, संतपूर, औराद. हे औराद म्हणजे औराद बाऱ्हाळी बरं का. औराद शहाजानी निलंग्याकडं, महाराष्ट्रात. तेरणा मांजरेला मिळते ती त्या बाजूला. मांजरा निघते बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटच्या डोंगरात. तिथून लातूर, मग आपलं बीदर, मग तेलंगणात शिरून एकदम उत्तरेला वळते आणि गोदावरीला मिळते. सगळी मिळून ७२४ किलोमीटर. 'नदीचं मूळ शोधू नये' म्हणतात, पण आपल्या नदीचं शोधावं लागतं, कारण पाणी कुठं अडलं हे तिथूनच कळतं. ते पुढं सांगतो.

पूर्वी औराद-संतपूरकडून पहाटे कोंबड्याला गाडी जुंपली की उन्हं डोक्यावर यायच्या सुमारास नदी लागायची. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालणार. वैशाखाच्या दुपारी बैल चालत नाही, चालवला तर बसतो. म्हणून गाडी सुटायची ती नदीवरच. बैलांना पाणी, माणसांना पाणी, दशम्या-धपाटे सोडायचे, शेंगांची चटणी, कांदा बुक्कीनं फोडलेला. आणि जेवणाआधी बुडी. आंघोळ पहाटे घरी झालेली असली तरी ही दुसरी बुडी वेगळी. साबण नाही, घाई नाही, मंत्र नाही. नुसतं डुंबायचं. बाजाराला निघालेला असो, बीदरच्या कोर्टात तारखेला निघालेला असो, की गाणगापूरला पौर्णिमेला निघालेला असो, सगळे त्याच पाण्यात. मराठीत पोहणं, कन्नडात ईजु, आपल्या दखनीत तैरना. तिन्ही शब्द एकाच डोहावर ऐकू यायचे आणि कुणाला अर्थ विचारावा लागत नव्हता.

आता इतिहास. ह्या मुलखात उन्हाळा काढायला पाण्यात उतरायचं हे काही आजचं नाही, आणि ते आपल्या घराघरात वाचल्या जाणाऱ्या पोथीतच आहे. गुरुचरित्राचा नववा अध्याय आठवा. कुरवपूरला कृष्णेच्या काठी एक रजक म्हणजे परीट श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करतो. वैशाखाचे दिवस. एक यवन राजा आपल्या परिवारासह सजवलेल्या नावेतून नदीत जलक्रीडेला येतो. ते वैभव बघून परटाचं मन क्षणभर तिकडं जातं. स्वामी ओळखतात आणि सांगतात, तुझी वासना राहिली, पुढच्या जन्मी तू राजा होशील. आणि तो कुठं जन्मतो? वैदुरा नगरात. वैदुरा म्हणजे आपलं बीदर, असंच परंपरेनं मानलंय. पुढं त्या राजाच्या मांडीला फोड होतो, काही केल्या बरा होत नाही, तेव्हा तो पापविनाशी तीर्थावर स्नानाला जातो, तिथं त्याला वाट कळते आणि तो गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर नृसिंह सरस्वतींपुढं उभा राहतो. बीदरचं पापनाश आजही तिथंच आहे, शिवरात्रीला गर्दी असते.

मी ह्या कथेकडं श्रद्धेनं बघतोच, पण इतिहास म्हणूनही बघतो. कथा घडली तशी घडली की नाही हा वाद वेगळा. पण लिहिणाऱ्याला काय माहीत होतं बघा. उन्हाळ्यात राजा नदीत खेळायला येतो आणि त्याच नदीच्या काठावर परीट दिवसभर पाण्यात उभा असतो. एकाला पाणी म्हणजे गंमत, एकाला पाणी म्हणजे काम. परटाला हेवा वाटला तो सोन्या-माणकांचा वाटला असेल, पण मला वाटतं तो सुद्धा मनात म्हणाला असेल, अरे, मला पण एकदा काम नसताना पाण्यात उतरायचंय.

बीदरच्या सुलतानांनी तर पाण्याची फार मोठी व्यवस्था केली. अहमदशाह वलीनं पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. कारण अनेक असतील, पण हवा हे एक कारण नक्की. बीदर उंच पठारावर आहे आणि वर जांभा दगड आहे. जांभा पावसाचं पाणी स्पंजासारखा पितो, खालचा काळा दगड ते पाणी झिरपू देत नाही, म्हणून दोन्हींच्या सांध्यातून पठाराच्या कडेला झरे फुटतात. आपण त्याला झिरा म्हणतो. नानक झिरा तोच, नरसिंह झिरा तोच. गुरू नानकदेव इथं आले, लोकांनी गोडं पाणी नाही म्हणून सांगितलं आणि त्यांनी पायानं दगड सरकवला तसा झरा लागला, अशी शीख बांधवांची श्रद्धा. नरसिंह झिऱ्यात आजही दर्शनाला जायचं तर बोगद्यात छातीएवढ्या पाण्यातून चालत जावं लागतं, वर वटवाघळं. लहान पोराला खांद्यावर घ्यायचं. बाहेर रणरणतं ऊन असताना आतून आलेला माणूस कुडकुडतो. देवदर्शन आणि गारवा एकाच तिकिटात. (तिकीट म्हणजे म्हणायची पद्धत.)

ह्याच जांभ्यात बहमनी काळात कारेझ खोदले. इराणकडची पद्धत. जमिनीखालून बोगदा काढायचा, मध्ये मध्ये उभ्या विहिरी ठेवायच्या आणि पाणी उतारानं गावापर्यंत आणायचं. नौबादचा कारेझ आता साफ करून लोकांना दिसेल असा झालाय. आपले लोक त्याला सुरंग बावी म्हणतात. सुलतानाला मांजरेपर्यंत जायची गरज नव्हती, पाणी त्याच्याकडं यायचं. सामान्य माणसाला मात्र पाण्याकडं जावं लागायचं.

त्या काळात एक परदेशी प्रवासी इथं येऊन गेला. रशियाच्या त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितिन, सुमारे १४७० च्या आसपास. चौलला उतरला, जुन्नरला पावसाळ्यात अडकला, चार महिने नुसतं पाणी आणि चिखल असं त्यानं लिहून ठेवलंय. मग बीदर, गुलबर्गा. बर्फाच्या देशातला हा माणूस आपल्या उन्हानं हैराण झाला असेल असं वाटतं ना? तर तो लिहितो की हिंदुस्थानात फार कडक उष्मा नाही, खरा उष्मा होर्मुझला! होर्मुझ म्हणजे इराणच्या आखातातलं बेट, तिथून तो आला होता. बीदरच्या पठाराला मिळालेलं हे साडेपाचशे वर्षांपूर्वीचं सर्टिफिकेट. मे महिन्यात कुणी बीदरच्या उन्हाला नावं ठेवली की मी हे सांगतो. कुणी ऐकत नाही ते सोडा.

जवळच्या नळदुर्गाचं उदाहरणही घ्या. आदिलशाहीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. नदी भरली की डोक्यावरून पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा बसतो. गारवा घ्यायचा, पण भिजायचं नाही. राजेलोकांची तऱ्हा. आपल्यासारख्यांना भिजल्याशिवाय गारवा मिळाला असं वाटतच नाही.

ह्यात थोडं शास्त्रही आहे. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून घेतं. आणि बाहेर आल्यावर ओल्या अंगावर वारा लागला की पाण्याची वाफ होते, ती आणखी उष्णता घेऊन जाते. म्हणून जुनी माणसं बुडी मारल्यावर अंग पुसू द्यायची नाहीत. ओलं धोतर तसंच, वर टॉवेल डोक्यावर आणि गाडीत बसायचं. पुढचे एक-दोन तास सुखाचे. पण त्याला नियम होते. उन्हातून आलं की लगेच सूर मारायचा नाही. आधी झाडाखाली बसायचं, घाम जिरू द्यायचा, मग पाय, मग तोंड, मग टाळू भिजवायची आणि मग उतरायचं. भरल्या पोटी नाही. एकट्यानं नाही. अनोळखी पाण्यात मुटका मारायचा नाही, आधी चालत जाऊन तळ बघायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या गावच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय ठेवायचा नाही. उतार कुठला, डोह कुठला, भोवरा कुठं, चिखल कुठं, हे नदीकाठच्या गुराख्याला जेवढं माहीत तेवढं तहसीलदाराला नाही. वाटसरू तिथं थांबून रामराम घालायचा, तंबाखू द्यायचा आणि विचारायचा. ती चार वाक्यं म्हणजे त्या काळचा जीवनविमा.

शिकायची पद्धतही ठरलेली. वाळलेला भोपळा कमरेला, नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा. पुढं पत्र्याचा डबा आला, मग ट्रकची ट्यूब. चुलत्यानं नाहीतर मामानं मध्ये नेऊन सोडायचं आणि हात मारायला लावायचं. पाणी नाकातोंडात गेलं की काठावरचे हसणार. आठवडाभरात बिंडा सुटायचा.

पाण्यासाठी इतिहास कसा फिरतो ह्याचं एक उदाहरण आपल्याच नदीकडचं आहे. १७९५ ची खर्ड्याची लढाई शाळेत शिकलो. निजामअली बीदरहून निघाला तो मांजरेच्या काठाकाठानंच पुढं गेला. एवढी फौज, हत्ती, घोडे, जनाना, सगळ्यांना पाणी लागतं, म्हणून नदी धरून चालायचं. ११ मार्चला लढाई झाली. त्या रात्री काय झालं ते ग्रँट डफनं लिहिलंय. मराठ्यांची एक छोटी तुकडी घोड्यांना पाणी पाजायला म्हणून एका ओढ्यावर गेली. तिथं मोगलांची माणसं होती. त्यांनी बंदुका झाडल्या, तो आवाज ऐकून बाकीच्यांनी झाडल्या, अंधारात घबराट पसरली आणि निजाम मागं हटून खर्ड्याच्या गढीत जाऊन बसला. पुढं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तहानलेली घोडी ओढ्यावर गेली नसती तर कदाचित सकाळ वेगळी उजाडली असती.

इथवर गोड गोड लिहिलं. आता जे लिहायचंय ते जरा कडू आहे, पण आठवणी लिहायच्या तर पूर्ण लिहाव्यात.

नदीवर सगळे एकाच पाण्यात असायचे असं मी वर म्हटलं. ते वाटसरूंचं खरं, गावाचं नाही. गावात वरच्या अंगाला कोण आणि खालच्या अंगाला कोण हे ठरलेलं होतं. वाहत्या पाण्याला विटाळ नाही असं म्हणणारेच आपली जागा प्रवाहाच्या वर राखून ठेवायचे. म्हणजे वरच्यांनी वापरलेलं पाणी खाली जाणार, खालच्यांचं वर येणार नाही. नदीचा उतार सुद्धा जातीनं वापरला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा तो प्रश्न तळ्याचा होता, पण आपल्या प्रत्येक नदीचा, विहिरीचा, डोहाचा तोच प्रश्न होता. 'आमच्या लहानपणी नदीवर काय मजा यायची' असं आपण लिहितो तेव्हा कुणाच्या लहानपणी आणि कुठल्या अंगाला, हेही विचारावं. खालच्या अंगाला पोहायला शिकलेल्या मंडळींनी इथं लिहावं, ही माझी मनापासून विनंती.

दुसरी गोष्ट बायकांची. नदीवर सगळ्यात जास्त वेळ कोण असायचं? बायका. धुणं, भांडी, पाणी, गोधड्या. पहाटेपासून पाण्यात गुडघाभर उभ्या. आणि पोहता किती जणींना यायचं? फार थोड्या. पोराला बिंडा बांधून शिकवायचे, पोरीला काठावर कपडे सांभाळायला बसवायचे. लुगडं पाण्यात जड होतं, पाय अडकतो, म्हणून तर त्यांना शिकवायची जास्त गरज होती. कुणी धुण्याच्या दगडावरून घसरली तर वाचवायला धाव घेणारा पुरुषच लागायचा. पोथीतला परीट आणि आपल्या आया-आज्या एकाच रांगेतल्या. आयुष्य पाण्यात गेलं, पण पाण्याची मजा दुसऱ्याच्या वाट्याला.

मग ही नदी गेली कुठं? १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर द्वैभाषिक मुंबई राज्याकडं, झहीराबाद-नारायणखेड आंध्राकडं, बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडं. आपला सीमाप्रश्न तिथून सुरू झाला, त्यावर ह्या ग्रुपवर पुष्कळ लिहिलंय. पण माणसांबरोबर नदीची पण वाटणी झाली हे आपण विसरतो. खाली तेलंगणात निजामसागर १९३१ लाच पूर्ण झालेला. वर बीड जिल्ह्यात धनेगावला मांजरा धरण झालं. गोदावरीच्या पाणीवाटपाचा निवाडा १९८० मध्ये आला, त्यात कुणी किती पाणी अडवायचं ते ठरलं. लातूर जिल्ह्यात जागोजागी बराज झाले. ह्या सगळ्याला माझा विरोध नाही, शेतीला आणि पिण्याला पाणी लागतंच. पण परिणाम असा की जनवाड्याजवळच्या पुलावरून खाली बघितलं तर फेब्रुवारीनंतर नदी आहे की नदीची जागा आहे ते कळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. मांजरेकाठच्या शहराला रेल्वेनं पाणी, ह्यापेक्षा जास्त काय लिहू.

आणि वाळू. हे नीट समजून घ्या, कारण ह्यात पोरांचा जीव आहे. नदीची वाळू म्हणजे नुसता बांधकामाचा माल नाही. वाळूच्या पोटात पाणी राहतं, म्हणून उन्हाळ्यात हातानं झिरा उकरला की गोडं पाणी लागायचं. वाळूमुळं तळ सपाट राहायचा आणि उतरताना पाऊल पाऊल अंदाज यायचा. वाळू काढून नेली की खाली उरतो चिखल, आणि जिथं मशीन लावलं तिथं उभ्या भिंतीचा खड्डा. पावसाळ्यात सगळं भरतं, वरून पाणी एकसारखं दिसतं. गुडघाभर पाण्यात चालणारं पोरगं पुढच्या पावलाला पुरुषभर खोल जातं. पायाला टेकायला काही नाही, धरायला काही नाही. जुना डोह धोक्याचा होता, पण तो सगळ्यांना माहीत होता, त्याला नाव होतं. ह्या खड्ड्यांना नावं नाहीत. मागच्या वर्षी खोदला तो ह्या वर्षी कुठं आहे, हे गुराख्यालाही सांगता येत नाही. म्हणून दर उन्हाळ्याच्या सुट्टीत, दर गणेश विसर्जनाला आपल्या भागातल्या वर्तमानपत्रात तीच बातमी असते, फक्त गावाचं नाव बदलतं. बुडणारी पोरं बहुतेक वेळा दोन-तीन एकदम असतात, कारण एक गेला की दुसरा त्याला काढायला उतरतो, आणि पोहता कुणालाच येत नसतं.

आपल्या पिढीनं ह्यावर उपाय काय काढला? 'नदीवर जायचं नाही.' बस. शिकवणं बंद, जाणं बंद, आणि पोरगं चोरून गेलं की त्याला ना पोहता येतं, ना कुणाला विचारायची सवय. आजोबांकडं होतं ते ज्ञान आपण पुढं दिलंच नाही. पूल झाला, गाडी आली, एसी आला, तसं नदीशी काम उरलं नाही. चाळीस मिनिटांत बीदर. पुलावरून काही जण नाणं टाकतात, तेवढीच ओळख. नदीला नाणं नको आहे, मंडळी.

मी काही परत बैलगाडीनं बीदरला जाऊया म्हणत नाही. आजच्या मांजरेत कुणीही उठून उडी मारावी असं तर अजिबात म्हणत नाही. साधी दोन कामं सुचवतो. एक, घरातल्या प्रत्येक पोराला आणि प्रत्येक पोरीला पोहायला शिकवा. विहीर असेल, शेततळं असेल, शहरात टाकी असेल, पण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आणि कमरेला डबा नाहीतर ट्यूब बांधूनच. आणि बुडणाऱ्याच्या मागं उडी मारायची नाही, त्याच्याकडं दोर, लांब काठी, साडी, रिकामी घागर, जे असेल ते फेकायचं, हे शिकवा. दोन, आपापल्या गावच्या डोहांची, उतारांची, घाटांची नावं लिहून काढा. मांजरा, कारंजा, तेरणा, भीमा, कुठलीही नदी असो. नाव का पडलं, खोल किती होता, कुठल्या अंगाला कोण उतरायचं, आज तिथं पाणी आहे की खड्डा आहे, सगळं.

खाली लिहा. मराठीत, कन्नडात, दखनीत, ज्याला जसं जमेल तसं. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना आज संध्याकाळीच विचारा, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पुलाखालचं पाणी पावसाळ्यात परत येईल, पण ह्या माणसांकडची नावं परत येणार नाहीत.